अश्वशक्ती

आमच्या भिवंडीत यंत्रमागांचा खडखडाट अहोरात्र चालू असतो. परवा एका मागाच्या मोटारीवरील पट्टी सहज वाचली: ‘१ अश्वशक्ती’. मला मौज वाटली. घोडा गेला, माप तेवढे उरले!

मुंबईत ९ मे १८७४ रोजी ट्राम सुरू झाली, ती घोडे ओढीत असत. १९०७ साली विजेची ट्राम आली. व्हिक्टोरियाचे घोडे मात्र राहिले. लहानपणी अशाच एका व्हिक्टोरियातून मी वडिलांबरोबर बोरीबंदरला निघालो होतो. पावसाने निसरड्या झालेल्या रस्त्यावर घोडा गुडघ्यांवर कोसळला. गाडीवान खाली उतरून त्याची मान कुरवाळू लागला. मी विचारले, “अण्णा, आता आपली कल्याणची गाडी चुकणार का?” अण्णा काही बोलले नाहीत. भाडे देऊन ते निमूटपणे चालू लागले.

२०१५ साली उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया बेकायदा ठरविल्या, तेव्हा मी समाधानाने मान डोलावली. पण तो न्याय मला फार स्वस्तात मिळाला होता. जेम्स वॉटने घोड्याच्या श्रमांवरून ठरविलेले माप मी आज कोणालाही चटकन सांगेन. त्या दिवशी पुढ्यात पडलेला घोडा मात्र मला दिसला नव्हता.