राष्ट्रगीतातला सांधा

झेकोस्लोव्हाकियाचे राष्ट्रगीत म्हणजे दोन गीतांची जोडणी होती. पहिले कडवे झेक, दुसरे स्लोव्हाक. पहिले संथ, काहीसे हळवे, दुसरे उसळते. पहिले संपते आणि मग चालच बदलते. २८ ऑक्टोबर १९१८ रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यातून वेगळ्या झालेल्या या प्रजासत्ताकाला एखाद्या मान्यवर कवीकडून नवे गीत लिहवून घेणे कठीण नव्हते. तसे न करता लोकांच्या ओठांवर असलेली दोन गाणी एकामागून एक म्हणायची, असे ठरले. लोकसाहित्याच्या अभ्यासपत्रिकेची तयारी करताना आम्हां विभागातल्या मंडळींना हा तपशील प्रथम सापडला, तेव्हा एक गमतीची नोंद म्हणून आम्ही तो टिपून ठेवला होता. पुढे त्या नोंदीने आमचे अख्खे सत्र घेतले.

'माझे घर कोठे आहे' हे झेक गीत मुळात नाट्यपद आहे. १८३४ साली प्रागच्या रंगभूमीवर आलेल्या 'फिड्लोवाच्का' या नाटकात ते एका आंधळ्या वादकाच्या तोंडी येते. शब्द योसेफ कायेतान टिल यांचे, संगीत फ्रान्तिशेक श्क्रौप यांचे. नाटक विस्मरणात गेले, पद उरले. हे मराठी वाचकाला निराळे समजावून सांगायला नको. स्लोव्हाक गीताचा जन्म मात्र आम्हां अध्यापकांना विशेष जवळचा वाटावा असा. १८४४ साली ल्युदोवित श्टूर यांना ब्रातिस्लाव्हा येथील (तेव्हाच्या प्रेसबुर्गमधील) विद्यालयातून अध्यापनाच्या कामावरून दूर करण्यात आले. त्याच्या निषेधार्थ काही विद्यार्थी विद्यालय सोडून निघाले आणि त्यांच्यापैकी यान्को मातुश्का याने तात्रा पर्वतावर चमकणाऱ्या विजेचे गीत रचले. चाल बसवली एका प्रचलित लोकगीताची. ते मूळ लोकगीत विहीर खणणाऱ्या मुलीचे आहे. गुरूसाठी शिष्यांनी रचलेले गाणे पुढे एका देशाचे अर्धे राष्ट्रगीत व्हावे, याचा आम्हांला थोडा हेवाही वाटला, हे नमूद करून ठेवतो.

पण याच श्टूर यांनी १८४३ साली मध्य स्लोव्हाकियाच्या बोलीवर आधारलेली स्लोव्हाक प्रमाणभाषा सिद्ध केली होती. झेकहून निराळी भाषा म्हणजे निराळा समाज, हे त्या मागचे म्हणणे. आणि नव्या प्रजासत्ताकाचा २९ फेब्रुवारी १९२० चा भाषाविषयक कायदा 'झेकोस्लोव्हाक भाषा' असा शब्द योजतो! १९२१ च्या जनगणनेतही झेक आणि स्लोव्हाक एकाच 'झेकोस्लोव्हाक' रकान्यात मोजले गेले. सुमारे एक कोटी छत्तीस लाखांच्या लोकसंख्येत जर्मन भाषक तीस लाखांवर होते. दोन्ही रकाने वेगळे केले असते तर जर्मनांची संख्या स्लोव्हाकांहून अधिक दिसली असती. कायद्याला हवे असलेले ऐक्य राष्ट्रगीत दाखवत नव्हते. त्याच्यातला सांधा सर्वांना ऐकू येत होता.

या राज्याचे पहिले राष्ट्राध्यक्ष तोमाश मासारिक यांची जी ओळख साहित्याच्या विद्यार्थ्याला असायला हवी, ती राजकारणाच्या पुस्तकांत ओझरती येते. १८१७ साली वात्स्लाव हांका यांनी झेक भाषेतील एक मध्ययुगीन हस्तलिखित सापडल्याचे जाहीर केले. पुढच्याच वर्षी दुसरे, त्याहूनही प्राचीन म्हणवणारे हस्तलिखित पुढे आले. त्यांतल्या वीरगीतांवर झेकांच्या दोन पिढ्या पोसल्या. चित्रे निघाली, कविता निघाल्या. १८८१ साली प्रागचे राष्ट्रीय नाट्यगृह ज्या ऑपेराने उघडले, त्या स्मेतानाच्या 'लिबुशे'लाही हाच आधार होता. आणि १८८६ साली यान गेबाउअर या भाषाशास्त्रज्ञाने मासारिकांच्या 'आथेनेउम' या नियतकालिकातून या हस्तलिखितांच्या अस्सलपणाला आव्हान दिले. मासारिक त्यांच्या पाठीशी उभे राहिले. राष्ट्राची प्रतिष्ठा असत्यावर उभी राहू शकत नाही, ही त्यांची भूमिका. त्याबद्दल त्यांना देशद्रोही म्हटले गेले. बनावट परंपरा नाकारणारा माणूस बत्तीस वर्षांनी त्याच राष्ट्राच्या प्रमुखपदी बसतो, याला तोड असलेले दुसरे उदाहरण आम्हांला आठवत नाही.

हस्तलिखिते गेली, तरी खरी परंपरा हाती होतीच. एर्बेन आणि बोझेना नेम्त्सोव्हा यांनी कथा-गीते जमवली होती, सुशिल यांनी मोराव्हियाची गाणी, दोब्शिन्स्की यांनी स्लोव्हाक लोककथा. १८९५ च्या प्रागमधील लोकजीवन प्रदर्शनाला तर सुमारे वीस लाख लोकांनी भेट दिली होती. स्वातंत्र्यानंतर हा सारा ठेवा सार्वजनिक जीवनात उतरला. मासारिक ज्या गावी जात, तिथे मुली भरतकामाच्या पारंपरिक वेषात स्वागताला उभ्या राहत. शहरी स्त्रियांच्या पोशाखावर खेड्यातली नक्षी आली. प्रागमध्ये १९२१ ते १९२३ या काळात योसेफ गोचार यांनी बांधलेल्या लेगिओबँकेच्या दर्शनी भागावर राष्ट्रीय शैली म्हणून जाडजूड वर्तुळे आणि लाल-पांढरे रंग आले. १९२१ साली पहिला स्लोव्हाक कथाचित्रपट निघाला तो 'यानोशिक'वर, १७१३ साली फाशी गेलेल्या आणि लोकगीतांत अमर झालेल्या दरोडेखोरावर. पैसा अमेरिकेतल्या स्लोव्हाक स्थलांतरितांचा.

यात एक असमतोल होता. झेक भूमी कारखान्यांची आणि शाळांची. स्लोव्हाकिया डोंगरांचा आणि गाण्यांचा. झेक लेखक-चित्रकार लोकपरंपरा शोधायला पूर्वेकडे जात, आणि त्याच गाडीने झेक शिक्षक आणि कारकूनही जात. हंगेरीच्या अमलात, विशेषतः १९०७ च्या शिक्षण कायद्यानंतर, स्लोव्हाक शाळा इतक्या आक्रसल्या होत्या की शिकवायला माणसेच नव्हती. झेक शिक्षकांनी तिथे केलेले काम मोठे आहे, हे मान्य केलेच पाहिजे. पण मे १९१८ मध्ये पिट्सबर्गला मासारिकांच्या सहीने झालेल्या करारात स्लोव्हाकियाला स्वतःचे प्रशासन, विधिमंडळ आणि न्यायालये देण्याचे वचन होते. ते पाळले गेले नाही. आपली गाणी राष्ट्राची, आपला वेष राष्ट्राचा, मग आपले विधिमंडळ का नाही, असे एखाद्या स्लोव्हाक माणसाला वाटले असेल तर नवल नाही.

कारेल प्लिच्का यांचा 'भूमी गाते' हा १९३३ चा चित्रपट आम्ही वर्गात दाखवतो. प्लिच्का झेक, 'मातित्सा स्लोवेन्स्का' या संस्थेसाठी त्यांनी स्लोव्हाक खेडी पायी तुडवली, हजारो गाणी टिपली. चित्रपट ऋतुचक्राने चालतो आणि तो विलक्षण सुंदर आहे. मुले थक्क होऊन पाहतात. मग आम्ही सांगतो की ती वर्षे जागतिक मंदीची होती, आणि १९३१ साली याच स्लोव्हाकियात, कोशुती या गावी, संपकरी शेतमजुरांवर शिपायांनी केलेल्या गोळीबारात तिघे ठार झाले होते. पडद्यावर यातले काही नाही. वर्गात थोडी शांतता पसरते. चित्रपट खोटा आहे का, असे एकदा एकाने विचारले. खोटा नाही, त्यातली प्रत्येक चौकट खरी आहे. हांकांच्या हस्तलिखितांपेक्षा हा प्रश्न म्हणूनच अवघड आहे.

याचे अधिक नेमके उत्तर आम्हांला मिळाले ते याच प्रजासत्ताकाने आश्रय दिलेल्या दोन रशियन अभ्यासकांकडे. रोमान याकोबसन आणि प्योत्र बोगातिरेव यांनी १९२९ साली एकत्र लिहिलेल्या निबंधात लोकसाहित्य ही एक वेगळी निर्मितिपद्धती मानली. लिखित कृती कोणी न वाचताही शिल्लक राहते. लोकगीत मात्र समाजाने स्वीकारले तरच अस्तित्वात येते, नाकारले तर ते नसतेच. बोगातिरेव यांनी १९३७ साली मोराव्हियाच्या स्लोव्हाक भागातील वेषांवर जे पुस्तक लिहिले, ते आम्ही इंग्रजी भाषांतरात ओळीने वाचले. (मासारिकांचे जन्मगाव होदोनिन याच भागातले.) वेष म्हणजे चिन्हांची व्यवस्था: बाईच्या डोक्यावरची टोपी ती विवाहित असल्याचे सांगते, तरुणाच्या टोपीतले पीस तो अविवाहित असल्याचे. हा वेष रोजच्या वापरातून सणाकडे आणि सणातून विधीकडे सरकतो, तसतशी त्याची कार्ये बदलतात. काही गळतात, काही ठळक होतात. आमच्या मते राष्ट्राध्यक्षांच्या स्वागताला उभी असलेली मुलगी या प्रवासाच्या टोकाला आहे. तिचा वेष आता ती कोणाची कोण हे सांगत नाही, ती कोणत्या देशाची एवढेच सांगतो.

कारेल चापेक यांनी 'मार्सिआस' या १९३१ च्या लेखसंग्रहात परीकथेविषयी याच दिशेचे म्हटले आहे: कथा खरी जगते ती ऐकणाऱ्यांच्या कोंडाळ्यात. आणि यानाचेक या संगीतकाराने तर माणसांच्या बोलण्यातले सूरच स्वरलिपीत टिपण्याचा छंद आयुष्यभर जोपासला. १९२१ साली प्रागला आलेल्या रवींद्रनाथांचे काव्यवाचनही, बंगालीचा गंध नसताना, त्याने तसेच कान देऊन ऐकले.

आता हे सारे आमच्या वर्गात का यावे? 'लोकसाहित्य हा राष्ट्राचा आत्मा' हे वाक्य आमची मुले उत्तरपत्रिकेत न चुकता लिहितात आणि आम्ही त्यावर गुण देतो. जात्यावरच्या ओव्या जमवायला आम्ही मुलांना गावी पाठवतो. एका विद्यार्थिनीची आजी गायला तयार झाली नाही. मोबाइल पुढे धरल्यावर ती म्हणाली, दळण नाही तर ओवी कशाला? मुलगी रित्या हाताने आली आणि प्रकल्पाचे गुण गेले म्हणून रडवेली झाली. आम्ही तिला ते एक वाक्यच प्रकल्प म्हणून लिहायला सांगितले. याकोबसन-बोगातिरेव यांच्या निबंधाखाली ते शोभले असते. अभ्यासमंडळाच्या बैठकीत आम्ही त्या ठरीव वाक्याचा फेरविचार सुचवला, तर एका ज्येष्ठ सदस्यांनी आम्हांला परंपरेविषयी आस्था नाही असे सुनावले. मासारिकांना पडलेल्या शिव्यांच्या मानाने हे काहीच नाही, पण ऐकायला बरे वाटले नाही एवढे खरे.

पुढचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. सप्टेंबर १९३८ मध्ये म्युनिक, मार्च १९३९ मध्ये जर्मनीच्या छत्राखाली वेगळे स्लोव्हाक राज्य, युद्धानंतर पुन्हा एकत्र, आणि १ जानेवारी १९९३ रोजी दोन देश. राष्ट्रगीतही तेव्हा सांध्यावर उसवले. स्लोव्हाकांनी आपल्या भागाला मातुश्काचे आणखी एक कडवे जोडून घेतले.

बेला बार्तोक या हंगेरियन संगीतकाराची गोष्ट मात्र सांगायची राहिली. पहिले महायुद्ध संपण्यापूर्वी त्यांनी स्लोव्हाक खेड्यांतून तीन हजारांहून अधिक गाणी जमवली होती. ज्या राज्यकर्त्यांनी स्लोव्हाक शाळा बंद पाडल्या, त्यांच्याच देशाचा हा माणूस. १८७५ साली हंगेरियन सरकारने बंद केलेली 'मातित्सा' १९१९ मध्ये पुन्हा उघडली आणि बार्तोक यांनी तो संग्रह प्रकाशनासाठी तिच्याच हाती दिला. संपादनाचे काम रेंगाळत राहिले. १९४५ साली बार्तोक न्यूयॉर्कमध्ये वारले, तेव्हा एकही खंड निघाला नव्हता. पहिला १९५९ मध्ये आला, दुसरा १९७० मध्ये. तिसरा आला २००७ साली. ज्या राज्यात तो छापायचे ठरले होते, ते संपून तोवर चौदा वर्षे झाली होती.