ताडपत्रीखालची हवा

‘उन्हाने गेली,’ असं मी बराच काळ सांगत होतो. गोव्याला पाठवलेल्या आयशरमधली चार डुकरं वाटेत मेली होती. एप्रिलचा शेवट, सांगोल्याकडे पारा चाळीस अंशांच्या वर. ऐकणाऱ्याला लगेच पटायचं. मलाही पटलं होतं, कारण ऊन माझ्या हातात नव्हतं. माझ्या हातात त्या दिवशी बरंच काही होतं, ते आज लिहितो आहे. आमच्या भागात नवीन मुलं वराहपालनात उतरतायत. शेड, खाद्य, लसीकरण यांची माहिती त्यांना कुणीही देतं. गाडीची कुणी देत नाही.

आमच्याकडे लार्ज व्हाइट यॉर्कशायरची संकरित डुकरं आहेत. सहा-सात महिन्यांत नव्वद-शंभर किलोची होतात आणि गोव्याला जातात. ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत तिथल्या ख्रिस्ती घरांतली मागणी मंदावते, लग्नंही त्या काळात टाळतात. ईस्टर झाला की लग्नसराई सुरू होते, सोरपोतेल, चोरीस अशा पदार्थांसाठी मालाला उठाव येतो. म्हणजे भाव नेमका तेव्हा चढतो, जेव्हा डुकराला घराबाहेर काढू नये अशी हवा असते. भाव सोडवत नाही, म्हणून सगळे त्याच दिवसांत गाड्या भरतात. मीही भरली.

खरेदी जिवंत वजनावर होती आणि काटा आमच्या फार्मजवळचा. त्यामुळे त्या दिवशी दुपारी मी डुकरांना मुद्दाम पोटभर खाद्य घातलं. भरल्या पोटाचे दोन-तीन किलो काट्यावर दिसतात. हा हिशोब मी एकट्यानेच केला होता असं नाही, सगळे करतात. पण त्या दिवशी घमेलं माझ्या हातात होतं. खाद्य पचवताना जनावराच्या अंगात उष्णता तयार होते. डुकराला घामाच्या ग्रंथी नावापुरत्याच असतात. माणूस घामावर जगतो, बैल सावलीत उभा राहून घाम आणि श्वास दोन्हींवर भागवतो. डुकराकडे धापा टाकणं आणि चिखलात लोळणं एवढेच दोन उपाय. गाडीत चिखल नसतो. राहतो तो श्वास, आणि भरलेलं पोट छातीच्या पडद्याला मागून रेटत असेल तर तोही आखूड होतो.

गाडी दुपारीच येऊन उन्हात उभी होती. हौद्याचा पत्रा तापला होता. हाताचा तळवा टेकवून पाहिला असता तरी कळलं असतं, पाहिला नाही. चारच्या सुमाराला आम्ही भरायला लागलो. डुक्कर उजेडाकडे जातं आणि जमिनीवरची सावली, ओल किंवा बदललेली फरशी दिसली की थबकतं. उन्हातून अंधाऱ्या हौद्यात शिरायला ते तयार होईना. आमच्या माणसांनी काठ्या घेतल्या. मी थांबवलं नाही, उलट ‘आटपा’ म्हणालो. फळ्यांचा चढ उभा होता. युरोपातल्या वाहतूक नियमांत डुकरांसाठी हा चढ वीस अंशांहून जास्त चालत नाही. आमचा किती होता ते मोजायचं माझ्या मनातही आलं नव्हतं. त्यात दोन वेगळ्या खोल्यांतली डुकरं एकत्र घातली. अनोळखी डुकरं एकमेकांशी झुंजतात. गाडी जागची हललीही नव्हती आणि आत मारामारी चालू होती. डुकराचं नेहमीचं तापमान ३९ अंशांच्या आसपास असतं. चढवताना पळालेलं, मार खाल्लेलं, झुंजलेलं डुक्कर त्याच्या कितीतरी वर जातं. म्हणजे मिरज रस्त्याला लागायच्या आतच माझी डुकरं तापलेली होती.

किती भरली हेही सांगतो. हौदा चौदा फूट लांब, सहा फूट रुंद. ८४ चौरस फूट, म्हणजे साधारण ७.८ चौरस मीटर. २०१६ पासून लागू झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत एका डुकरामागे ०.६ चौरस मीटर जागा सांगितली आहे. त्या हिशोबाने तेरा बसतात. मी एकोणीस घातली. भाडं खेपेवर ठरतं, त्यामुळे जादा सहा डुकरांचं भाडं वाचलं असं मला वाटलं. गारठ्यात डुकरं एकमेकांना चिकटून झोपतात, तेव्हा दाटी चालते. उकाड्यात प्रत्येकाला अंग पसरून, दुसऱ्याला न शिवता आडवं व्हायचं असतं. एकोणिसांतली निम्मी बसली की उरलेल्यांना उभं राहायलाही जागा नव्हती, मग ती बसलेल्यांवर पाय देत होती.

आणि मग ताडपत्री. ड्रायव्हरने विचारलं, “मालक, टाकू का? गावागावातनं जायचंय.” ऊन उतरत होतं, पावसाचं नाव नव्हतं. त्याने का विचारलं हे मला कळलं आणि मी का हो म्हणालो हे त्याला कळलं. डुकरांची गाडी गावातून गेली की लोक नाकाला रुमाल लावतात, पोरं ओरडतात, चहाच्या टपरीवर कुणी गाडी उभी करू देत नाही. आमच्या घरातही धंद्याचं नाव पाहुण्यांपुढे सहज निघत नसे. मी ताडपत्री चारी बाजूंनी दोऱ्यांनी आवळून घेतली. सावलीचा त्यात काही संबंध नव्हता. मला लाज वाटत होती, आणि त्या लाजेपायी मी त्यांची हवा बंद केली. या सगळ्या प्रकारातली हीच गोष्ट मला सर्वांत जड जाते. खाद्याचा लोभ, भाड्याचा लोभ हे तरी पैशाचे हिशोब होते. ताडपत्रीने एक रुपयाही वाचणार नव्हता.

शंभर किलोचं डुक्कर नुसतं उभं असलं तरी दीडशे-दोनशे वॉट उष्णता बाहेर टाकत असतं. एकोणीस डुकरं म्हणजे तीन किलोवॉटच्या आसपास, आणि तापलेली, घाबरलेली असतील तर त्याहून जास्त. गाडी पळत असताना फटींतून थोडा वारा येतो, उष्णता जाते. गाडी थांबली की ती तिथेच साठायला लागते.

मिरज, कोल्हापूर, कागल, निपाणी, उत्तूर, आजरा असा आमचा रस्ता. वाटेत टायर बदलावा लागला, जेवणं झाली. ड्रायव्हरने आंबोलीला पहाटे गाडी बाजूला लावून झोप काढली. रात्रभर चालवलेल्या माणसाला झोप हवीच, तो दोष त्याचा नाही. एकाच ड्रायव्हरवर खेप ठरवली ती मी. मागून मोटारसायकलवर आलेला माझा चुलतभाऊही तिथे पोचला. आंबोली समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास; पहाटे अंगावर शहारा येतो. त्याने फोनवर सांगितलं, “इथं गारवा आहे, आता काळजी नाही.” मीही निर्धास्त झालो. दोरी सोडून आत कुणी पाहिलं नाही. गाडी घाट उतरून सावंतवाडीला आली तेव्हा ऊन चढलं होतं, आणि पुढे सीमेजवळ कागद तपासायला रांगेत उभी राहिली. १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांप्रमाणे पशुवैद्यकाचा दाखला सोबत लागतो. तो होता, पण त्यावरचा गाडीचा नंबर आयत्या वेळी बदललेल्या गाडीशी जुळत नव्हता. ती चूकही माझीच. त्यावर बोलाचाली होईपर्यंत गाडी उन्हात, ताडपत्रीसकट, जागच्या जागी.

फाळका उघडला तेव्हा तीन मेलेली होती. चौथं आडवं पडून तोंड उघडं ठेवून धापा टाकत होतं, कातडीवर जांभळे डाग. चुलतभावाने शेजारच्या दुकानातून बर्फाच्या पाण्याची बादली आणून त्याच्यावर ओतली. फोनवर मीच सांगितलं होतं, “गार पाणी मार.” काही मिनिटांत तेही गेलं. पुढे आमच्या तालुक्यातल्या डॉक्टरांनी मला समजावलं: एवढ्या तापलेल्या जनावरावर एकदम बर्फाचं पाणी पडलं की कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, आतली उष्णता आतच कोंडते आणि आधीच थकलेल्या हृदयावर धक्का बसतो. अशा जनावराला उठवायचं नाही, हलवायचं नाही. सावली, वारा, खालची जमीन ओली, साधं पाणी थोडं थोडं अंगावर, आणि वेळ. ते डुक्कर वाचलंच असतं असं डॉक्टर म्हणाले नाहीत. माझ्या सांगण्यामुळे त्याची उरलीसुरली संधी गेली, एवढं मला कळलं.

उरलेल्या पंधरांचाही प्रश्न सुटला नव्हता. खरेदीदाराने सांगितलं की मांस फिकट आहे, मऊ आहे, पाणी सुटतंय. मला वाटलं, भाव पाडायला बोलतोय. मी फोनवर वाद घातला. तो खरं बोलत होता. कापायच्या वेळी जनावर तापलेलं आणि घाबरलेलं असेल तर स्नायूंत आम्ल झपाट्याने वाढतं. अंग गरम असतानाच ते वाढलं की मांसातली प्रथिनं बिघडतात आणि पाणी धरून ठेवू शकत नाहीत. मी त्याची माफी मागितली, पण पुढच्या हंगामात.

त्या मधल्या काळात मी आणखी एक चूक केली, आणि ती अर्धवट माहितीतून झाली. पाणी मारावं एवढं ऐकलं होतं, म्हणून पुढच्या खेपेला वाटेत जिथे पाइप मिळेल तिथे गाडी भिजवायची असं ठरवलं. ताडपत्री होतीच. कोल्हापूरपर्यंत डुकरं बरी राहिली. घाट उतरल्यावर, पाणी मारूनही, धापा वाढल्या. मला हे कोडंच वाटलं, कारण सावंतवाडीचा पारा सांगोल्याहून कमी होता.

डॉक्टरांनी कागदावर आकडे मांडून दाखवले. जनावरांसाठी तापमान आणि आर्द्रता मिळून एक निर्देशांक काढतात. तो ७९ च्या पुढे गेला की धोका, ८४ पासून पुढे आणीबाणी. आमच्याकडची ३८ अंशांची कोरडी दुपार, आर्द्रता २० टक्के, तर निर्देशांक येतो ८२ च्या जवळ. किनाऱ्यावर ३३ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता, तर ८७. पारा पाच अंशांनी उतरला आणि डुक्कर जास्त संकटात गेलं. कारण पाणी अंगावर पडल्याने गारवा येत नाही, ते अंगावरून उडून जाताना उष्णता घेऊन जातं. एक लिटर पाण्याची वाफ होताना जवळजवळ ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. तेच पाणी नुसतं ओघळून खाली गेलं तर जवळपास काहीच नेत नाही. दमट हवेत पाणी उडत नाही, आणि ताडपत्रीखालच्या कोंडलेल्या हवेत तर मुळीच नाही. मी त्यांना वाफेत बसवत होतो. ओलं करायचं तर अंग भिजेल एवढ्या मोठ्या थेंबांनी, मग वाऱ्यावर वाळू द्यायचं, मग पुन्हा. वारा नसेल तर पाण्याचा भरवसा नाही.

आता गाडी रात्री आठनंतर भरतो. चढवण्याच्या पाच-सहा तास आधी खाद्य बंद, पाणी शेवटपर्यंत. काटा रिकाम्या पोटावर होतो आणि त्या बदल्यात किलोमागे भाव थोडा वाढवून घेतला. हे खरेदीदाराने पहिल्याच बैठकीत मान्य केलं, मीच इतकी वर्षं विचारलं नव्हतं. हौदा आधी धुऊन गार करतो. उन्हाळ्यात गवताऐवजी ओल्या वाळूचा पातळ थर असतो, कारण गवत उष्णता धरून ठेवतं. एका खोलीतली डुकरं एकत्र, चार-पाचच्या टोळीने, काठीऐवजी फळी आडवी धरून. हौद्यात एक दिवा लावतो, त्याने जितकं काम सोपं झालं तितकं कशानेच झालं नाही. डुकरं तेरा, एप्रिल-मे असेल तर अकरा-बाराच. दोन ड्रायव्हर. थांबायचंच झालं तर दहा-पंधरा मिनिटं, सावलीत, गाडीची बाजू वाऱ्याकडे करून. सूर्य वर यायच्या आत घाट उतरायचा. वर फक्त छपरापुरतं कापड असतं, चारही बाजू जाळीच्या आणि उघड्या. रात्री कुणी पाहत नाही म्हणून ते सोपं गेलं असं म्हणता येईल, पण निपाणीत, सीमेजवळच्या बांद्यात लोक पाहतातच. पाहू देत.

भाड्याचा प्रश्न सुटलेला नाही. कमी डुकरं आणि दोन ड्रायव्हर म्हणजे डुकरामागे खर्च जवळपास दीडपट. मेलेल्या डुकराचा आणि बिघडलेल्या मांसाचा तोटा धरला तर मला परवडतं, पण शेजारच्या पोराला, ज्याचं अजून एकही डुक्कर वाटेत मेलेलं नाही, त्याला हे पटवणं अवघड आहे. तो एकोणीसच भरतो. मी त्याच्याकडे दोनदा गेलो, पुन्हा जाणार आहे.

मूळ उपाय मला वेगळाच दिसतो: एप्रिल-मेमध्ये विकायचीच कमी. पण फेब्रुवारीअखेर माल तयार हवा तर डुकरीण एप्रिलच्या मध्याला भरवावी लागते, कारण ११४ दिवस गाभण काळ आणि वर साडेसहा महिने वाढ. आणि उन्हाळ्यात नराचं वीर्य कमजोर पडतं, माद्या गाभ न धरता उलटतात. रस्त्यावरचं ऊन चुकवायला गेलो तर ते शेडमध्ये गाठतं. म्हणून यंदा भरवणी मार्चच्या मध्यापर्यंत उरकली, नरांच्या खोलीला फवारे आणि पंखे बसवले. जुलैच्या सुरुवातीला वीण आहे. तो माल जानेवारीच्या अखेरीला निघेल. तेव्हा ईस्टरनंतरचा भाव मिळणार नाही, किलोमागे किती सोडावं लागेल त्याचा हिशोब खरेदीदाराबरोबर अजून चालू आहे.