परवानगी आहे, पण विचारते कोण?

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातले शेजारी तालुके. मधला रस्ता किन्हवली-सरळगाववरून जातो. दोन्हीकडे भाताची शेती, दोन्हीकडे आपली थोडी थोडी घरे, आणि त्यांतली बरीचशी एकमेकांची सोयरी. शाळेत उर्दू आणि मराठी शिकवताना आमच्या लक्षात आले, की या घरांतल्या बायकांना गोष्टीची फार ओढ आहे. दादीला उर्दू वाचता येते, मराठी येत नाही. नातीला मराठी येते, उर्दू येत नाही. सुनेला दोन्ही येते, पण वेळ नसतो. म्हणून महिन्यातल्या एका रविवारी जोहरनंतर कोणाच्या तरी घरी जमायचे आणि एकीने मोठ्याने वाचायचे, असे ठरले. एकदा शहापूरला, एकदा मुरबाडला.

गेल्या वर्षी आम्ही हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ वाचायला घेतली. हरिभाऊंनी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केले आणि त्यात ती क्रमशः छापली. तेव्हा ते अवघे सव्वीस वर्षांचे होते. १८९३ मध्ये तिचे पुस्तक झाले. गोष्ट यमू नावाच्या मुलीची आहे, आणि ती यमूच स्वतःच्या तोंडाने सांगते. माहेरचा धाक, आईचा मृत्यू, लहानपणी झालेले लग्न, सासरचा जाच, आणि या सगळ्यात एक समजूतदार नवरा. तो तिला लिहायला-वाचायला शिकवतो, मुंबईला घेऊन जातो. तिथे दोघांचे सुखाचे दिवस सुरू होतात न होतात तोच तो जातो, आणि पुढे यमूचे केस जबरदस्तीने काढले जातात. एवढी ही कहाणी.

सोवळे, आलवण, केशवपन हे शब्द आम्हाला समजावून सांगावे लागले. बाकी काही सांगावे लागले नाही. सासू, नणंद, माहेरचा निरोप, चुलीपुढचे रडणे या गोष्टी सगळ्यांच्या ओळखीच्या होत्या.

मते मात्र घराघरांप्रमाणे वेगळी निघाली. शहापूरच्या एका दादींना आईच्या मरणाचा भाग सर्वांत आवडला. ‘आवडला’ म्हणजे काय, तर त्या ऐकताना सारख्या डोळे पुसत होत्या आणि थांबू देत नव्हत्या. त्यांची आई त्या नऊ वर्षांच्या असताना गेली. साठ वर्षांनी त्या पहिल्यांदाच आईविषयी आमच्यासमोर बोलल्या.

नव्या सुनांना मुंबईचा भाग हवा होता. नवरा बायकोला शेजारी बसवून वाचायला शिकवतो, तिचे मत विचारतो, हे त्यांना फार भावले. मुरबाडच्या एकीचा नवरा कुवेतला असतो. ती म्हणाली, “आमच्या ह्यांचा रोज व्हिडिओ कॉल येतो. जेवलीस का, मुलं कशी आहेत, पैसे पोहोचले का, एवढंच. मला काय वाटतं, हे यमूच्या नवऱ्यासारखं कधी विचारतच नाहीत.” सगळ्या हसल्या, पण तो भाग तिने पुन्हा वाचायला लावला.

कॉलेजला जाणाऱ्या मुलींची तक्रार होती शेवटाबद्दल. उर्दू डायजेस्टमधल्या कादंबऱ्या त्यांच्या आयांनी वाचलेल्या, मुलींनी त्यांच्यावरच्या मालिका पाहिलेल्या. तिथे कितीही दुःख असो, शेवटी निकाह होतो, रुसलेले घर एकत्र येते. “एवढं सोसलं बिचारीनं, निदान शेवटी तरी तिला सुख द्यायचं होतं,” असे एकीने चिडून म्हटले.

केशवपनाचा भाग वाचला त्या दिवशी आम्ही शहापूरला होतो. वाचणारीचा आवाज बसला. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एक खाला म्हणाल्या, “अल्लाहचा शुकर, आपल्यात असलं काही नाही. आपल्या दीनमध्ये बेवा बाईला दुसऱ्या निकाहची परवानगी आहे.” सगळ्यांनी माना डोलावल्या.

कोपऱ्यात एक तिशीच्या आतली बाई बसली होती. तिचा नवरा चार वर्षांपूर्वी अपघातात गेला. पदरी दोन मुले. ती कधी फारशी बोलत नसे. ती म्हणाली, “खाला, परवानगी आहे हे मलाही माहीत आहे. पण मला विचारलं कोणी?”

मग ती शांतपणे सांगत गेली. केस तिचे कोणी कापले नाहीत. पण इद्दत संपल्यावर रंगीत कपडे कपाटातून बाहेर आले नाहीत. कोणी मनाई केली नव्हती, फक्त कोणी ‘घाल’ म्हणाले नाही. नणंदेच्या मेंदीला तिला स्वयंपाकघरातले काम मिळाले. त्याच घरातल्या एका पुरुषाची बायको वारली, तेव्हा चाळिसावा व्हायच्या आत रिश्ते येऊ लागले. “मुलांना सांभाळायला कोणी हवं ना, असं सगळे म्हणत होते. माझ्या मुलांनाही बाप हवा असेल, हे कोणाच्या मनात आलं नाही.”

पुढच्या बैठकीला आम्ही एक उर्दू पुस्तक घेऊन गेलो. डिप्टी नजीर अहमद यांची ‘मिरातुल उरूस’ १८६९ ची, ती दादींना ठाऊक होती. त्यांचीच ‘अयामा’ ही कादंबरी मात्र कोणी वाचलेली नव्हती. ती १८९१ ची. पुण्यात हरिभाऊ यमूची कहाणी लिहीत होते, त्याच सुमारास दिल्लीकर नजीर अहमद आजादी बेगम या विधवेची कहाणी लिहीत होते. दोघांची एकमेकांशी ओळख असण्याचे कारण नाही. भाषा वेगळी, धर्म वेगळा, दुःख एकच.

‘अयामा’ हा शब्द पवित्र कुरआनातला आहे. सूरह नूरच्या ३२ व्या आयतीत, जोडीदार नसलेल्यांचे विवाह करून द्या, अशी आज्ञा आहे, तिथे तो येतो. म्हणजे हे काम तिने एकटीने करायचे नाही, ते आपल्यावर सोपवलेले आहे. विधवेची इद्दत चार महिने दहा दिवसांची, जन्मभराची नव्हे. हजरत खदीजा (र.) यांच्याशी प्रेषितांचा (स.) निकाह झाला तेव्हा त्या विधवा होत्या. हजरत उम्मे सलमा (र.) तर मुलाबाळांसह विधवा झालेल्या होत्या. हे सगळे असताना नजीर अहमदांना अख्खी कादंबरी लिहावी लागली, यावरून तेव्हाच्या घराघरांत काय चालत होते ते कळते.

आमच्यातल्या बायकांना सर्वांत जास्त भीती दोन गोष्टींची होती: हिस्सा जाईल आणि मुले हिरावली जातील. त्यावर आम्ही सावकाश बोललो. नवऱ्याच्या मालमत्तेत विधवेचा वाटा मुले असल्यास आठवा आणि नसल्यास चौथा. मेहेर बाकी असेल तर ते वाटणीआधी द्यायचे. हा वाटा तो वारला त्याच क्षणी तिचा झाला, दुसऱ्या निकाहने तो जात नाही. यमूच्या काळातल्या १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्यात मात्र, पुनर्विवाह केला की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क संपत असे. हे ऐकून खाला म्हणाल्या, “म्हणजे आपल्याला जास्त दिलंय आणि आपण कमी देतो.”

मुलांचा प्रश्न अवघड आहे. आईने परक्या माणसाशी निकाह केला तर मुलांच्या सांभाळावरचा तिचा हक्क कमी होतो, असे आपले जुने फिकह सांगते, आणि घरोघर तेच पुढे केले जाते. पण १८९० च्या पालक व पाल्य कायद्यानुसार न्यायालय मुलाचे हित पाहते. आणि न्यायालयापर्यंत जाण्याआधी घरात बसून ठरवायला कोणी अडवलेले नाही. मुले शाळेत कुठे जातील, सुट्टीत कुठे राहतील, खर्च कोण करील, हे निकाहआधीच लिहून काढता येते.

त्या बाईच्या सासूबाई त्या दिवशी आल्या होत्या. एकुलता मुलगा गेलेली आई. त्यांना दोष द्यावा असे आमच्यातल्या कोणालाच वाटले नाही. सून गेली तर नातवंडे जातील, आणि नातवंडांबरोबर मुलाचे उरलेसुरले अस्तित्वही जाईल, ही त्यांची धास्ती. त्या काही बोलल्या नाहीत. महिन्याभराने कळले की त्यांनी सुनेला घरी बसवून विचारले, “तुझ्या मनात काय आहे?”

सुनेने उत्तर दिले, “आत्ता नाही, अम्मी. धाकटा शाळेत रुळू दे. पण विचारलंत, बरं वाटलं.”

उत्तर ‘हो’ आले नाही म्हणून मुलींची पुन्हा थोडी निराशा झाली. त्यांना शेवट गोड हवा होता. दादींचे मत वेगळे पडले. त्या म्हणाल्या, “यमूला कुणी एवढंसुद्धा विचारलं नव्हतं.”

आपल्या वस्तीतही अशी एखादी बहीण, भावजय, सून असेल. इद्दत संपून वर्षे झाली असतील. तिचे उत्तर ‘हो’ असेल, ‘नाही’ असेल, ‘आत्ता नाही’ असेल. ते तिचे तिला देऊ द्या. आपण विचारायला उशीर करू नये.