मधले महिने

पहिले तीन महिने ओकाऱ्यांचे, शेवटचे ओझ्याचे, मधले काय ते सुखाचे, असे आम्हां दोघी जावांना घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी सांगून ठेवले होते. अन्नावरची वासना परतली, हे खरे. पण बडोद्याच्या उन्हाळ्यात बाकीचे सुख शोधावेच लागले! जेवण होताच छातीशी जळजळ सुरू होई. डोहाळे म्हणून चिंच पुढे करणाऱ्यांनी ती एकदा अवश्य अनुभवावी. रात्री पोटऱ्यांत असे गोळे येत की एकीने दुसरीचा चवडा वर दाबून धरावा, तेव्हा कुठे कळ ओसरे. कूस बदलताना जांघेत सणक येई. गर्भाशयाला तोलणारे बंध ताणल्याने ती येते, असे डॉक्टरीणबाईंनी समजाविले. विसाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाशय बेंबीशी पोचते. त्याच दिवसांत आत काहीतरी फडफडले, आणि आम्ही दोघीही बोलता बोलता थांबलो.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झाले, हिरवा चुडा भरला. आठ दिवसांतच आम्हांपैकी धाकटीचा चुडा मनगटात रुतू लागला. चेहरा सुजला, डोके ठणकू लागले. "पोटुशीला सूज यायचीच," सासूबाई म्हणाल्या. संध्याकाळची पायांची सूज आम्हीही स्वाभाविकच मानीत होतो. परंतु हात, चेहरा आणि डोकेदुखी ही एकत्र आली, तर रक्तदाब त्याच दिवशी पाहिला पाहिजे. येथे भीड उपयोगाची नाही. तो १५०/१०० निघाला, लघवीत प्रथिनेही आढळली. चुडा वाढवावा लागला. पुढे प्रसूतीपर्यंत धाकटीला तपासणीस सासूबाई स्वतःच नेत.