ठकीची कावीळ

आमच्या गच्चीवरून चवदार तळं दिसतं. त्या गच्चीची मालकी बारा वर्षं ठकीकडे होती. २०२१ च्या जुलैत महाडात पूर आला, खालचा मजला बुडाला, तेव्हाही ही पाण्याच्या टाकीवर बसून खालची धावपळ बघत होती. अशा मांजरीनं सुकटीकडे पाठ फिरवली, तेव्हा घरात कुणालाच ते साधं वाटलं नाही. बशीजवळ यायची, वास घ्यायची, जिभल्या चाटायची आणि निघून जायची. मळमळत असलं की मांजर असंच करतं, हे पुढे डॉक्टरांनी सांगितलं. एका सकाळी उन्हात तिचा कान उलटून पाहिला. एरवी आतून गुलाबी असायचा, आता हळदीचं बोट फिरवल्यासारखा पिवळा होता. हिरड्याही तशाच.

"कावीळ झालीय गं," शेजारच्या आजी म्हणाल्या. "झाडपाल्याचं औषध देणारा आहे माझ्या माहितीतला. एकदा पाजलं की उतरते." आमच्याकडे काविळीवर पहिला सल्ला हाच मिळतो, माणसाची असो की मांजराची.

गुरांच्या डॉक्टरांनी मात्र बजावलं, "मनानं काही पाजू नका." कावीळ हे लक्षण, आजार वेगळाच असू शकतो. शिवाय काही औषधांचा निचरा करायला मांजराचं यकृत फार कमी पडतं, माणसाची पॅरासिटामॉलची एक गोळीही त्याच्या जिवावर बेतू शकते. आणि चार दिवस उपाशी राहिलं, तर अंगातली चरबी यकृतात साचून दुसरंच दुखणं उभं राहतं.

मग त्यांनी विचारलं, "पाली खाते का?"

खायचीच. उष्ण मुलखात पालीतून मांजराच्या पित्तनलिकेत शिरणारा एक चपटा कृमी असतो. आधी गोगलगाय, मग जमिनीवरचे बारके किडे, मग पाल आणि शेवटी मांजर, असा त्याचा प्रवास. तो नलिकेत वर्षानुवर्षं राहिला, तर तिथल्या कर्करोगाशीही त्याचा संबंध दिसून आला आहे. "पण आत काय आहे ते बघितल्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही. मुंबईत परळला न्या, बैलघोडा हॉस्पिटलात."

परळला जायचं ठरलं आणि आळीत बोलणं सुरू झालं. "इथं माणसांना वेळेवर सोनोग्राफी मिळत नाही, आणि तुम्ही मांजराला मुंबईला नेणार?" दुसऱ्या गावात हे मी कानाआड केलं असतं. महाडात ते जमत नाही. समोरच्या तळ्यावर कुत्र्यामांजरांना पाणी प्यायला कधीच आडकाठी नव्हती, ती होती अस्पृश्य मानलेल्या माणसांना. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी तिथलं पाणी ओंजळीत घेतलं, तर लोकांनी तळं 'शुद्ध' करून घेतलं. तळ्यावरचा हक्क हायकोर्टात मान्य व्हायला १९३७ उजाडावं लागलं. जनावराचे लाड आणि माणसाची हेळसांड एकाच काठावर नांदलेलं हे गाव आहे, त्यामुळे त्या प्रश्नाला मी हसून उत्तर देऊ शकले नाही. पण ठकीला घरी ठेवून कुणाचा सोनोग्राफीतला नंबर पुढे सरकणार नव्हता. टोपलीत जुनी साडी अंथरली आणि पहाटे निघालो. माणगाव, कोलाड, पेण करत ती वाटभर ओरडत होती. पनवेलनंतर गप्प झाली, त्याचीच जास्त काळजी वाटली.

सोनोग्राफीत यकृतात गाठी दिसल्या. तिथल्या डॉक्टरांनी घाई न करता समजावलं. मांजरात यकृताच्या स्वतःच्या गाठी मुळातच कमी, आणि त्यातही साध्या गाठी जास्त. गाठ एकाच खंडात असेल, तर तो खंड काढता येतो; उरलेलं यकृत वाढून काम सांभाळतं. म्हणून सुईनं नमुना घ्यायचा. त्याआधी रक्त नीट गोठतं का ते तपासलं, व्हिटॅमिन के दिलं, कारण पित्त अडलं की ते अन्नातून अंगी लागत नाही.

रिपोर्ट आला. पित्तनलिकेचा कर्करोग, सगळ्या खंडांत पसरलेला. शस्त्रक्रियेला जागा नव्हती, केमोथेरपीचा भरवसा कुणी देत नव्हतं.

मग घरी मळमळीचं औषध, वेदनेचं औषध, भुकेसाठी अगदी थोड्या मात्रेत गोळी. बांगडा उकडून, काटे काढून, कोमट करून बोटावर द्यायचा. कोमट केला की वास सुटतो, आणि मांजर आधी वासानंच जेवतं. कधी खायची, कधी तोंड वळवायची. वळवलं की मी बशी उचलत असे. रिपोर्ट नसता, तर तिचा जबडा धरून भरवत राहिले असते, पोटात पाणी झाल्यावरही. तिला उठवेना, तेव्हा आमच्याच डॉक्टरांनी घरी येऊन शेवटचं इंजेक्शन दिलं.

"बरी होणार नव्हती, मग एवढा खर्च कशाला?" हे अजून विचारतात. बरी होणार नव्हती, हेच त्या खर्चातून कळलं. साधी गाठ असती, तर तेही त्यातूनच कळलं असतं. न बघता सोडून दिलं असतं, तर दोन्हींतलं काहीच नाही.

आजींचं म्हणणं मात्र बदललेलं नाही. झाडपाल्यानं गुण आला असता, असं त्या आजही ठामपणे सांगतात. मी वाद घालत नाही. आळीत कुणाचं मांजर जेवेनासं झालं, की मी तेवढी त्यांच्या आधी पोचते.