कूस कुणाची, दवाखाना कुणाचा

लेकरू होत नाही, ह्या विषयावर आपल्या वस्तीत कुणी लिहीत नाही. भाकरीवर लिहितात, पाणवठ्यावर लिहितात, बापाच्या दारूवर आणि आईच्या कष्टावर लिहितात. ते लिहिलंच पाहिजे. पण वांझ हा शब्द आपल्या लिखाणातही शिवीसारखाच येतो आणि तसाच निघून जातो. जिला तो रोज ऐकावा लागतो तिनं लिहिलेलं माझ्या वाचण्यात आलं नाही. म्हणून मी लिहिते.

माझं वय तेहेतीस. लग्नाला आठ वर्षं झाली. विनाअनुदानित शाळेत शिकवते, म्हणजे पगाराच्या नावानं दिवाळीला काहीतरी हातावर पडतं. नवरा जालन्याला एमआयडीसीत सळईच्या मिलमध्ये आहे. ठेकेदाराकडं. बारा तासांची पाळी.

१९५६ ला आपण देव सोडले. त्यांच्याबरोबर नवसही गेले, गंडेदोरेही गेले. पण नाव ठेवायच्या कार्यक्रमात पाळण्याची दोरी कुणाच्या हातात द्यायची नाही, हे अजून शाबूत आहे. वंदना होते, त्रिसरण होतं, आणि दोरी माझ्यापाशी आली की एखादी चुलतसासू हळूच म्हणते, "तू बस गं, दमली असशील." मी दमलेली नसते. सासूबाई मनानं वाईट नाहीत. त्या एकदा म्हणाल्या, "बाबासाहेबानं देव काढून घेतले माय, पर लेकराची हौस न्हाई काढून घेतली." ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही.

आता दवाखान्याचं बोलू.

आपल्या बायांच्या कुशीचा हिशेब ह्या व्यवस्थेनं कायम एकाच बाजूनं मांडला. बंद करा. १९७६-७७ च्या एका वर्षात देशात ऐंशी लाखांवर नसबंद्या झाल्या. त्यात माणसं कोणत्या वस्तीतून उचलली, हे म्हाताऱ्यांना विचारा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांची २०१९ साली सरकारी समितीनं पाहणी केली. ८२,३०९ बायांपैकी १३,८६१ बायांच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. पाळी आली की खाडा, खाडा झाला की मुकादमाचा दंड. मग पिशवीच नको. आमच्या आरोग्य केंद्राच्या भिंतीवर तांबीचं चित्र आहे, ऑपरेशनचं चित्र आहे. ज्या बाईला होतच नाही तिच्यासाठी एक ओळ नाही. नर्सबाईंना मी विचारलं तर त्या हसल्या. "तुम्ही तर सुखी आहात हो."

सुखी!

१० नोव्हेंबर १९३८ ला मुंबईच्या विधिमंडळात स्वतंत्र मजूर पक्षाच्या पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. त्यामागं बाबासाहेब होते. त्याच्या दहा वर्षं आधी, १९२८ ला, कामगार बाईला बाळंतपणाची पगारी रजा मिळावी म्हणून तेच कौन्सिलात बोलले होते. मला ह्या दोन गोष्टी एकच वाटतात. नको असेल तर नको म्हणता यावं, आणि हवं असेल तेव्हा बाईचा जीव आणि पगार दोन्ही वाचावेत. कूस बाईची आहे, असा त्याचा अर्थ. मग होत नसेल तर इलाज मागणं हाही त्याच हक्काचा भाग झाला. ही श्रीमंतांची चैन नाही.

आणि हे शास्त्र मुळात श्रीमंतांच्या दारात वाढलं असंही नाही. २५ जुलै १९७८ ला इंग्लंडात नळीतलं पहिलं बाळ जन्मलं. ३ ऑक्टोबरला कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या हातून दुसरं. सरकारी समितीनं त्यांना खोटं ठरवलं. १९८१ साली त्या माणसानं जीव दिला. मग ६ ऑगस्ट १९८६ ला डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत जे बाळ जन्माला घातलं ते केईएममध्ये. म्हणजे महापालिकेच्या दवाखान्यात, जिथं बाहेरच्या फुटपाथावर गावाकडचे नातेवाईक चटई टाकून झोपतात. तिथून ते शास्त्र काचेच्या इमारतीत कधी गेलं, आपल्याला पत्ता लागला नाही.

त्या काचेच्या इमारतीत आम्हीही गेलो. तालुक्याला मोफत तपासणीचं शिबिर होतं. तिथून चिठ्ठी देऊन औरंगाबादला बोलावलं. गावाचं नाव २०२३ ला बदललं, आमच्या तोंडात अजून जुनंच आहे. आत थंडगार. भिंतीवर गोऱ्या बाळांचे फोटो. माझं रक्त घेतलं, सोनोग्राफी केली, ह्यांची एक तपासणी केली आणि अर्ध्या तासात आकडा सांगितला. दीड ते दोन लाख. इंजेक्शनं वेगळी. शुक्राणू कमी आहेत, म्हणून डोनर घ्यावा लागेल.

फॉर्म भरून घेणारी पोरगी गोड बोलत होती. त्यात "समाज" असा रकाना होता. मी विचारलं, हा कशाला?

"मॅचिंग करावं लागतं ना मॅडम. लोक आपल्याच कास्टचा डोनर मागतात."

"आमच्या कास्टचा मागतं का कुणी?"

ती थांबली. मग खाली वाकून, उपकार केल्यासारखी म्हणाली, "तुम्हाला वरच्या कास्टचाही मिळू शकेल."

जिन्यावर ह्यांनी एवढंच म्हटलं, "म्हंजी मपलं रगत बाद." बसस्टँडपर्यंत दुसरा शब्द नाही.

मग पाहुण्यांनी सांगितलं, आपल्या माणसाकडं जा. आपला डॉक्टर आहे, त्याच शहरात. गेलो. भिंतीवर बाबासाहेबांचा मोठा फोटो, जयभीम झालं, चहा झाला. मन हलकं झालं. पाच मिनिटांनी तोच आकडा समोर आला, फक्त हप्ते करून देण्याची सोय होती. हे काम काय करतात, ते त्यांनीही विचारलं नाही. दुसरी तपासणी करू, असंही म्हणाले नाहीत. फोटोला हात जोडून मी खाली उतरले. आपल्यातले शिकले, मोठे झाले, ह्याचा मला अभिमान आहे. पण दवाखाना आपला आहे की नाही हे भिंतीवरून ठरत नाही. तो आपल्याला काय विचारतो, ह्यावरून ठरतं.

तिसरा दवाखाना जालन्यातच. दोन खोल्या, बाहेर लाकडी बाकडं. मॅडम कोणत्या जातीच्या, मला ठाऊक नाही. त्यांनी माझ्याकडं न बघता आधी ह्यांना विचारलं, "दादा, काम कुठं करता?"

"मिलला."

"मिलमध्ये कुठं?"

"भट्टीपुढं. लालबुंद गठ्ठे चिमट्यानं ओढायचे."

"किती तास?"

"बारा."

मॅडमनी पेन खाली ठेवला. मग कागदावर चित्र काढून सांगितलं. पुरुषाचे अंड शरीराच्या बाहेर लोंबतात ते उगाच नाही. त्यांना अंगापेक्षा थोडा गारवा लागतो. रोज बारा तास भट्टीची धग बसली तर बी कमी होतं, मंद होतं. तंबाखूनंही होतं. नवं बी तयार व्हायला अडीच महिने लागतात. म्हणून एका तपासणीवर निकाल देऊ नये, आणि धगीतून बाहेर पडल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा बघावं. ह्यांचा आकडा होता मिलीलिटरला साठ लाख. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ ला धरलेली खालची हद्द एक कोटी साठ लाख. कमी आहे, पण शून्य नाही. रगत बाद नाही.

मूल न होणाऱ्या जोडप्यांत निम्म्या ठिकाणी पुरुषाकडचंही काही कारण असतं, हे मी तिथं ऐकलं. आठ वर्षं दोरी मात्र माझ्याच हातातून काढून घेत होते.

मलाही त्यांनी विचारलं, "घरात टीबी कुणाला होता?" माझ्या वडलांना होता. आपल्याकडं टीबी पिशवीत आणि नळ्यांत जातो, खोकला नसतानाही, आणि नळ्या बंद करतो. म्हणून तपासणी झाली. औषध सोडून नळ्यांचा एक्स-रे काढला. दोन्ही मोकळ्या निघाल्या.

जवळच्या दवाखान्याचा हिशेबही सांगते, कारण तो कुणी सांगत नाही. साध्या इलाजात, म्हणजे धुतलेलं बी पिशवीत सोडतात त्या आययूआयमध्ये, पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोनोग्राफी, मग नवव्या-दहाव्या दिवसापासून एक दिवसाआड. बीज पिकलं की इंजेक्शन, आणि त्यानंतर साधारण छत्तीस तासांत आययूआय. महिन्यात चार-पाच फेऱ्या. आयव्हीएफ असेल तर आठ-दहा दिवस रोज सुई. औरंगाबादला प्रत्येक फेरी म्हणजे दोघांचं भाडं, एक खाडा, शाळेत एक खोटं कारण. जालन्याला मी शाळा सुटल्यावर जाते.

मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं, माझ्याकडं आयव्हीएफ होत नाही. २०२१ च्या कायद्यानं दवाखान्यांचे दोन स्तर केलेत. पहिल्या स्तरावर आययूआय, दुसऱ्यावर आयव्हीएफ. त्यांचा पहिल्याचा दाखला भिंतीवर लावलेला आहे. पुढं लागलंच तर सुया आणि सोनोग्राफ्या इथं, आणि बीज काढायला नि गर्भ ठेवायला तेवढं शहरात. जे येत नाही ते येत नाही म्हणून सांगणारा डॉक्टर मी पहिल्यांदा बघितला.

ठेकेदारानं काम बदलून द्यायला महिना घेतला. "लेकरासाठी भट्टी सोडतो का रे?" म्हणून पाळीवर हसं केलं. आता हे मालाच्या यार्डात आहेत. रोज दीडशे रुपये कमी. पगाराच्या कागदावर भट्टीभत्ता असतो, भट्टीनं काय घेतलं त्याचा रकाना नसतो. तीन महिन्यांनी आकडा आला एक कोटी दहा लाख. ह्यांनी तो कागद खिशात ठेवला आणि पाळीवर सांगितला. हसणाऱ्यांतलेच दोघे नंतर एकेकटे येऊन दवाखान्याचा पत्ता विचारून गेले.

दोन आययूआय झाले. लागले नाहीत. शंभरात दहा-पंधरांनाच एका खेपेला लागतं, हे मॅडमनी आधीच सांगितलं होतं, तरी दुसऱ्या वेळी मी मोरीत बसून रडले. तिसरं पुढच्या महिन्यात. त्यानंतर थांबून विचार करायचा, असं ठरलंय. लेकरू झालं तर ह्याच पानांवर कळवीन. नाही झालं तरी कळवीन.

गोव्यानं २०२३ साली सरकारी मेडिकल कॉलेजात आयव्हीएफ मोफत सुरू केलं. आपल्याकडं जिल्ह्याच्या रुग्णालयात निदान पुरुषाची तपासणी, टीबीची तपासणी आणि नळ्यांचा एक्स-रे एका छताखाली मागायला काय हरकत आहे? मोर्चे आपण कशाकशासाठी काढले. ह्यासाठी एक निवेदन तरी देऊ.

आणि बायांनो, तोवर स्वतःपुरतं बघा. नोंदणीचा दाखला मागा. माझ्या वयाला किती जणींना लागतं, ते विचारा. कायद्यानं दवाखान्याला ते सांगावंच लागतं. इंजेक्शनं धरून सगळा खर्च कागदावर घ्या. तक्रार कुठं करायची ते विचारा, तीही सोय त्यांनी ठेवायची असते. डोनर सांगितला तर आधी नवऱ्याची दुसरी तपासणी मागा. जात विचारली तर उठून या.

मॅडमच्या बाकड्यावर संध्याकाळी जागा असते. येताना नवऱ्याला बरोबर आणा, आणि तो काय काम करतो ते नीट सांगा.