बारा चष्मे, चारशे खुर्च्या



डिसेंबर २०२४ च्या स्नेहसंमेलनात 'संगीत सौभद्र'मधील काही प्रवेश करायचे ठरले आणि आपला एक माजी विद्यार्थी भेटायला आला. तो संगणक क्षेत्रात आहे. म्हणाला, "मॅडम, मी बारा चष्मे आणतो. डोळ्यांवर लावले की रंगमंचावरची मुलं दिसतीलच, शिवाय त्यांच्याभोवती द्वारकेचे महाल उभे राहिलेले दिसतील." नववीची तीन मुले त्याच्या हाताखाली दोन महिने राबली आणि द्वारका तयार झाली.

सभागृहात खुर्च्या चारशे. मी बारा नावांची यादी केली: प्रमुख पाहुणे, विश्वस्त, देणगीदार. यादी टेबलाच्या खणात ठेवली. दुसऱ्या दिवशी सातवीतली एक मुलगी रजेच्या अर्जावर सही घ्यायला आली. जाता जाता तिने विचारले, "मॅडम, तो चष्मा माझ्या आजीला मिळेल का? तिला मागून काही दिसत नाही." मी म्हटले, "बघू." आमच्या 'बघू'चा अर्थ मुलांना बरोबर कळतो!

त्या रात्री मी जर्मनीतल्या बायरॉइट महोत्सवाविषयी वाचत बसले. तिथले नाट्यगृह संगीतकार रिखार्ड वाग्नर यांनी बांधून घेतले आणि ते १८७६ मध्ये उघडले. राजेरजवाड्यांच्या नाट्यगृहांत बाजूला सज्जे असत आणि लोक रंगमंचापेक्षा एकमेकांकडेच जास्त बघत. वाग्नर यांनी बाजूचे सज्जे काढून टाकले. पंख्यासारख्या पसरलेल्या रांगा केल्या, वाद्यवृंद रंगमंचाखाली झाकून टाकला. हेतू हा, की प्रत्येकाची नजर समोर राहावी. त्यांचे 'पार्सिफाल' तिथेच १८८२ मध्ये प्रथम झाले. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'सौभद्र'ही त्याच वर्षी रंगभूमीवर आले, हे वाचून मला फार गंमत वाटली.

तर २०२३ मध्ये दिग्दर्शक जे शाइब यांनी 'पार्सिफाल'साठी असेच चष्मे वापरले. गायक समोर प्रत्यक्ष गात आहेत आणि चष्म्यातून फुले, हंस हवेत तरंगताना दिसत आहेत. पण खुर्च्या सुमारे १९०० आणि पैशांच्या अडचणीमुळे चष्मे अवघे ३३०! सगळ्यांना नीट दिसावे म्हणून बांधलेल्या त्या घरात उरलेले दीड हजारांवर लोक चष्म्याविना बसले. चष्मेवालेही सगळे खूष नव्हते. चष्मे जड आहेत, गरम होतात, काचेतून रंगमंच काळपट दिसतो, असे काही समीक्षकांनी लिहिले.

माझे शिक्षण बी.ए. पर्यंत हिंदी माध्यमातून झाले. लहानपणी नाट्यपदांतले निम्मे शब्द मला कळत नसत. पण पद संपता संपता मागच्या रांगेतून 'वन्स मोअर' आला, की गाणारा हसून पुन्हा सूर लावी आणि मलाही आपण त्या नाटकात आहोत असे वाटे. बायरॉइटला 'पार्सिफाल'च्या पहिल्या अंकानंतर टाळ्यासुद्धा न वाजवण्याची जुनी प्रथा आहे. त्यांची रीत त्यांना शोभते. आपली वेगळी.

मी यादी फाडली. प्रयोगात चष्मे नकोत, तीच चित्रे प्रोजेक्टरने मागच्या पडद्यावर दाखवू आणि पहिल्या दोन रांगा आजी-आजोबांना देऊ, असे ठरवले. एक विश्वस्त नाराज झाले. त्यांचे म्हणणे अगदीच चूक नव्हते, नवे काही करायचे तर कुठून तरी सुरुवात करावीच लागते. त्या तीन मुलांपैकी एक दोन दिवस शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "मॅडम, पडद्यावर ती द्वारका सपाट दिसते. आम्ही केलेली ती नव्हेच." ते खरेच होते.

प्रयोगाच्या दिवशी पहिला 'वन्स मोअर' त्या आजींनीच दिला. सुभद्रा झालेली मुलगी गोंधळून पेटीवाल्या सरांकडे बघू लागली. सरांनी सूर धरला, तेव्हा तिने पद पुन्हा म्हटले.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात बाराही चष्मे मांडले, प्रत्येकाला पाच मिनिटे. आजी नातीचा हात धरून आल्या. स्वतःचा चष्मा काढल्याशिवाय तो चष्मा बसेना आणि काढला की त्यांना काहीच दिसेना. ती तिन्ही मुले सध्या त्याच खटपटीत आहेत.